थांबण्याची ऐपत

मी सांगली जिल्ह्यात, उसाच्या मुलखात वाढले आणि वाणिज्य शाखेतून पदवी घेतली. वनहक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेत हिशेब ठेवण्याचं काम मिळालं आणि फेब्रुवारीअखेर गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या एका गोंड गावात राहायला गेले. ग्रामसभेचं दफ्तर नीट लावून द्यायचं, एवढंच काम होतं. रोकडवही, मजुरीपत्रकं, बँकेचे कागद, ठरावांच्या नोंदी. हे सगळं मला येत होतं. जंगल मात्र तोवर एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिलेलं.

गोंधळ सुरू झाला तो वहीपासूनच. मोह पायलीने मोजायचा, तेंदूपानं शेकड्याने, बांबू नगाने, चारोळी किलोने. एकच घर होळीपासून मृगापर्यंत या सगळ्यातून जातं. आधी मोहफुलं, मग चार, म्हणजे चारोळीची फळं, मग तेंदू, मग टोळ, म्हणजे मोहाच्या बिया, पाऊस पडला की वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (अळंबी). शेतात धानाचं एकच पीक, तेही पावसाच्या भरवशावर. हातात रोख पैसा येतो तो उन्हाळ्यात, जंगलातून. बियाणं, शाळेची वह्यापुस्तकं, लग्न, दवाखाना, सगळ्याची भिस्त त्या दोन-तीन महिन्यांवर. 'उत्पन्न' या रकान्यात काय लिहायचं तेच मला कळेना, कारण गोळा केलेल्यातलं बरंचसं घरातच खाल्लं जायचं आणि त्याला कोणी भाव लावत नव्हतं.

ज्या काकींच्या घरी मी राहत होते त्या मार्चमध्ये पहाटे चारला उठायच्या. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढेपर्यंत वेचावी लागतात. माणसांच्या आधी अस्वलं येतात, हरणं येतात, म्हणून बायका घोळक्याने जातात आणि वाटेत मोठ्याने बोलत राहतात. कोणतं झाड कोणत्या घराचं हे ठरलेलं. कागद नाही, झाडावर खूण नाही, तरी दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. मोहाचं फूल मी पहिल्यांदा हातात घेतलं ते तिथे. फिकट पिवळं, द्राक्षाएवढं, मांसल, आतून पोकळ. बोटांना चिकट रस लागतो आणि त्याचा गोड, उग्र वास धुतला तरी दिवसभर हाताला राहतो. दोन तास वाकून वेचल्यावर टोपली भरली तेव्हा कंबर सरळ होईना. अंगणात सारवलेल्या जागेवर ती फुलं पसरली आणि तीन-चार दिवसांत सुकून तपकिरी झाली. वजन इतकं उतरलं की मला काट्याचाच संशय आला. काकींनी काही न बोलता पायलीने मोजून दाखवलं.

वेचण्याआधी काकी झाडाखाली खराटा मारायच्या. पानगळीचा पाला इतका असतो की त्यात फूल दिसत नाही. पूर्वी सगळेच तो पाला पेटवून द्यायचे. काडी लावली की अर्ध्या तासात जमीन मोकळी होते. पण आग झाडाखाली थांबत नाही. ती पसरते, वणवा होतो आणि जमिनीवर उगवलेली मोहाची, चाराची, तेंदूची रोपं त्यात जातात. ग्रामसभेने पाला जाळण्यावर बंदी घातली होती, जंगलाभोवती जाळरेषा काढल्या होत्या आणि गस्तीच्या पाळ्या लावल्या होत्या. हे ऐकायला फार चांगलं वाटतं. पण खराटा मारायला रोज पाऊण तास जास्त लागतो आणि तो पाऊण तास कोणाच्या तरी अंगावर पडतो. चार माणसांच्या घरात तो वाटला जातो. एकट्या विधवेच्या घरी फुलं तोवर उन्हात पडून राहतात. म्हणून झाडाखाली अंथरायच्या जाळ्या आल्या तेव्हा त्या आधी एकट्या बायकांना द्यायच्या, असा ठराव झाला. तो ठराव मी लिहून घेतला. त्या एका पानातून जंगल राखण्याबद्दल मला जेवढं कळलं तेवढं आधी वाचलेल्या अहवालांतून कळलं नव्हतं.

मला सर्वांत चक्रावून टाकलं ते मोहाच्या विक्रीने. एप्रिलमध्ये व्यापाऱ्याची पिकअप गावात आली. २०२० मध्ये सुक्या मोहफुलांची किमान आधारभूत किंमत किलोला ३० रुपये जाहीर झाली होती. पण त्या भावाने घेणारं केंद्र गावाच्या जवळपास कुठे नव्हतं, आणि व्यापारी त्याचा भाव सांगून मोकळा झाला. पावसाळ्यात मोहाचा भाव चढतो हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा हीच घरं खाण्यासाठी, सणासाठी मोह विकत घेतात, आणि आज विकलेल्यापेक्षा महाग घेतात. मग आज विकायचा कशाला? मी काकींना विचारलं. त्या फुलं गोणीत भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाव मले बी मालूम आहे. भाव येतवरी खावाचं काय?"

त्या उत्तरानंतर सगळ्या नोंदींकडे मी याच प्रश्नातून बघायला लागले. गरीब माणसाला बाजार कळत नाही, जंगलाची किंमत कळत नाही, त्याला शिकवायला हवं, असं शहरात फार सहज बोललं जातं. मला तिथे न शिकवताही सगळं जाणणारी माणसं भेटली. त्यांच्याकडे नव्हती ती थांबण्याची ऐपत. फूल सुकेपर्यंत, फळ पिकेपर्यंत, बांबू जून होईपर्यंत, भाव येईपर्यंत थांबायचं तर तोवरची चूल कशाने तरी पेटती राहायला हवी. ज्याच्या हातात आठ दिवसांचंही धान्य नाही त्याला निसर्गरक्षणाचे धडे देणं मला तेव्हापासून अपमानास्पद वाटतं.

मोहाच्या बाबतीत तर कायद्यानेही थांबू दिलं नव्हतं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली मोहफुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर निर्बंध होते. त्यात गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचा जिल्हा. मर्यादेपेक्षा जास्त फुलं घरात सापडली तर चौकशी, म्हणून लोक ती लवकर काढून टाकत. ते निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. त्यानंतर या गावाने पडक्या खोलीची डागडुजी करून मोहाचं गोदाम केलं. बायका तिथे सुकलेली फुलं ठेवतात, बचत गट वजन करून उचल देतो आणि विक्री पावसाळ्यात होते. उचलीला पैसा कुठून? आदल्या वर्षीच्या तेंदूच्या रॉयल्टीतून. म्हणजे एका झाडाचा पैसा दुसऱ्या झाडासाठी थांबायला उपयोगी पडत होता. ही नोंद कोणत्या खात्यात घालायची याचं उत्तर मी शिकलेल्या जमाखर्चात सापडेना. शेवटी वेगळी वही केली.

साठवणही सोपी नाही. मोह ओल शोषून घेतो. जरा कमी सुकलेली गोणी आत गेली की बुरशी शेजारच्या गोण्यांनाही धरते. आत घेण्याआधी काकी प्रत्येक गोणीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर फुलं काढायच्या, दाबायच्या, आणि मुठीतून सोडल्यावर ती सुटी पडली तरच वजनाला द्यायच्या. जावेची गोणीही त्यांनी परत पाठवली होती. दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या.

चाराची बैठक अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. चार म्हणजे ज्याच्या बीतून चारोळी निघते ते झाड. आपण श्रीखंडावर चिमूटभर टाकतो तिच्यासाठी माणसं उन्हाळ्यात दिवसभर जंगल तुडवतात. मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत, चाराची नाहीत. त्यामुळे मी थांबले तर दुसरा तोडून नेणार. मग सगळेच हिरवी फळं ओरबाडतात, वर चढणं नको म्हणून फांदीच खाली पाडतात, आणि पुढच्या वर्षी त्या फांदीवर काहीच नसतं. त्या रात्री विषय एवढाच होता की चार कोणत्या दिवशी मोकळा करायचा. वाद मध्यरात्र उलटेपर्यंत चालला. बरंचसं बोलणं गोंडीत, शेजारची मुलगी तिला जमेल तसं मला मराठीत सांगत होती. एका तारखेसाठी इतका वेळ का लागावा हे मला उमगेना.

मग एका म्हाताऱ्या आजींनी बादलीत पाणी आणायला लावलं. कोणीतरी दोन दिवस आधी तोडलेल्या हिरव्या फळांच्या बिया त्यांनी चोळून साफ केलेल्या होत्या. त्या पाण्यात टाकल्या. बऱ्याचशा वर तरंगल्या. आजींनी तरंगणारी एक बी उचलून दगडाने फोडली आणि कंदिलाजवळ धरली. आत सुरकुतलेला, कागदासारखा पातळ दाणा. मग आदल्या वर्षीची पिकलेली बी फोडली. टपोरा, तेलकट दाणा. व्यापारी टरफलासकट वजन करतो, त्यामुळे कच्ची बी विकणाऱ्याला वाटतं आपला माल लवकर गेला. खरं तर त्याला वजनही कमी मिळतं आणि भावही. आजींनी हेही सांगितलं की त्यांच्या तरुणपणी चारोळीच्या बदल्यात मीठ मिळायचं, मापाला माप. सभेत कोणी हसलं नाही.

तारीख ठरली ती फळं काळी-जांभळी होण्याच्या बेताची. त्याआधी तोडणाऱ्याला दंड, फांदी तोडणाऱ्याला दुप्पट. तरी एका तरुण दादांनी उभं राहून विचारलं, शेजारच्या गावाने ही तारीख पाळली नाही तर? आपण राखायचं आणि त्यांनी न्यायचं? याचं उत्तर त्या रात्री कोणाकडे नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मला शेजारच्या गावांना पत्रं लिहायला बसवलं.

मे महिना लागला आणि तेंदू आला. त्याची तयारी फेब्रुवारी-मार्चमध्येच झालेली असते. खुटकटाई म्हणतात. लहान झुडपं जमिनीलगत छाटली की नवी, मऊ, मोठी पानं फुटतात. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पान जून झालं किंवा गारपीट झाली की संपलं. इथे थांबून चालतच नाही. पहाटे तोडायला जायचं, ऊन तापायच्या आत परतायचं आणि घरातल्या सगळ्यांनी सावलीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात ७० पानं, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत ७० हजार पानं, आणि प्रत्येक पान कोणाच्या तरी हाताने खुडलेलं. आठ-नऊ वर्षांची पोरं न बघता सत्तर मोजतात. पानं सारखी करून, देठ एका बाजूला घेऊन, सालीच्या दोरीने आवळायची. हातात घेतल्यावर पुडा ढिला लागला तर फळीवरचा, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावरचा, दिवाणजी बाजूला टाकतो. संध्याकाळी फळीवर पुडे ओळीने वाळत मांडतात. साऱ्या माळावर त्या हिरव्या रांगा दिसतात आणि हवेत चहाच्या पत्तीसारखा वास भरून राहतो.

महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार १९६९ च्या कायद्याने सरकारच्या ताब्यात गेला होता. तोडणाऱ्याला मजुरी मिळायची, पानाचा मालक तो नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी जंगलात राहणाऱ्यांकडे आली आणि त्यात तेंदू, मोह, मध, लाख यांच्यासोबत बांबूही मोजला गेला. पण मालकी कागदावर आली तरी माल जंगलाबाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच हातात राहिला होता. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर काढायला परवाना मिळेना. गावाचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी तो प्रश्न लावून धरला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. एका पुस्तकासाठी दिल्ली-मुंबईहून मंत्र्यांनी का यावं, हे वाचताना मला उलगडलं नव्हतं.

ते उलगडलं जूनमध्ये. आमच्या ग्रामसभेकडून पानं घेतलेल्या कंत्राटदाराने मजुरीचे पैसे दिले, रॉयल्टीचा शेवटचा हप्ता मात्र दिला नाही. ट्रक भरून उभे होते, आभाळ भरून आलं होतं. त्याचा माणूस ग्रामसभेच्या अध्यक्षकाकांकडे आला. पानं भिजली तर सगळ्यांचंच नुकसान, टीपीवर, म्हणजे वाहतूक परवान्यावर, सही करा, पैसे आठवड्यात टाकतो. अध्यक्षकाका शांतपणे म्हणाले, "पैसा बँकेत येऊ द्या जी. मग सही." तो माणूस ओरडला, विनवण्या केल्या, फोन लावले. काका परवान्याचं पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिले. मी दोनदा बँकेत फोन केला. तिसऱ्या दिवशी रक्कम जमा झाली आणि ट्रक निघाले. आमच्याकडे ऊस एकदा कारखान्यात गेला की शेतकरी बिलाची वाट बघत बसतो, कारण माल हातातून सुटलेला असतो. इथे दोन गुंठेही बागायत नसलेली माणसं थांबू शकली आणि समोरच्याला थांबवू शकली, ती त्या पातळ पुस्तकाच्या बळावर.

तेंदूबद्दल माझ्या मनात एक प्रश्न राहून गेला होता. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ मध्ये त्यांना १००६ हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. त्यांनी तेंदूपानं तोडायचीच नाहीत असं ठरवलं. छाटणी होते, आगी लागतात, आणि न तोडलेल्या झाडांना फळं येतात ती माणसांना आणि प्राण्यांना दोघांनाही खायला मिळतात, हा त्यांचा विचार. पेनगड नावाचा ३४ हेक्टरचा भाग त्यांनी पूर्ण राखून ठेवला आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. मग आपल्या गावाने तेंदू का सोडू नये, असं मी बैठकीत विचारलं. अध्यक्षकाकांनी पाचगाव पाहिलेलं होतं. ते म्हणाले, त्यांच्याकडे बांबू आहे. बांबू विकून त्यांचं वर्ष निघतं, म्हणून तेंदू सोडता आला. आपल्या वाट्याचा बांबू विरळ आहे. तीन वर्षांचा जून बांबूच काढायचा, बेटात पुरेसे राखायचे, पावसाळ्यात तोडीला हात लावायचा नाही, वास्तेही मोजके खायचे, असं करत आणलं तर काही वर्षांनी बेटं भरतील. तेव्हा तेंदूचा विचार करू. तोवर तेंदू राहील, पण त्याच्या निम्म्या भागात एक वर्षाआड छाटणी.

माझी खात्री आहे की हा निर्णय पाचगावच्या निर्णयाइतकाच जबाबदार आहे. पाचगावचा निर्णय देखणा आहे आणि तो सगळीकडे सांगितला जावा. पण तो जसाच्या तसा दुसऱ्या गावावर लादणारा माणूस त्या गावाची चूल मोजत नाही.

सगळ्यांत कठीण विषय मात्र मोहाच्या रोपांचा आहे आणि तो अजून मिटलेला नाही. जंगलफेरीत मी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मोठी, ढोलीची, कोणाच्या आज्यापणज्याची झाडं भरपूर दिसली. कोवळी रोपं शोधावी लागली. फुलं आपण वेचतो, टोळही वेचतो, उरलेलं बी रुजलं तर शेळ्या खातात किंवा आगीत जातं. मोहाचं रोप फुलावर यायला दहा वर्षं तरी लागतात. रॉयल्टीतला काही भाग रोपं राखायला, कुंपणाला आणि शेळ्या दुसरीकडे चारण्याला वापरावा, असा प्रस्ताव ग्रामसभेच्या समितीने मांडला. तेव्हा मुलाच्या उपचारासाठी कर्ज काढलेल्या एका ताईंनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, सगळी रॉयल्टी आत्ता वाटा. दहा वर्षांनी फुलणाऱ्या झाडाचं मी आज काय करू? त्यांना कोणी गप्प केलं नाही, स्वार्थीही म्हटलं नाही.

या गावात निर्णय हात वर करून होत नाहीत, सगळ्यांचं मत जुळेपर्यंत बोलणं चालतं. त्यामुळे प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेला. मधल्या काळात बचत गटाने त्या ताईंना मोहाच्या उचलीत वाढ करून दिली, म्हणजे कर्जाचा हप्ता जाईल आणि गोदामातल्या त्यांच्या गोण्या भाव येईपर्यंत हलवाव्या लागणार नाहीत. चाराच्या तारखेबद्दल लिहिलेल्या पत्रांना काही गावांनी होकार कळवला आहे, काहींनी समोरासमोर बसू म्हटलं आहे. ती बैठक पोळ्यानंतर आहे. कोणत्या गावाच्या हद्दीत चाराची किती झाडं आहेत याची यादी तोवर करायची आहे, आणि ते काम माझ्याकडे आहे.